ठिगळाखालचं बेट

हवेचा पृथ्वीगोल सान्तियागोहून आला तो माझ्याच होडीतून,
घडी घालून, पाकिटात, बटाट्यांच्या पोत्यावर बसून.
सगळं जग मिळून पावशेरही भरलं नसतं.

मी ओलेगारिओ. चिलोएच्या पोटाशी बिलगलेल्या बेटांवरून
सकाळी पोरं आणायची, दुपारी पोचवायची,
मधले चार तास शाळेच्या लायब्ररीत, लोखंडी चुलीपाशी
बूट वाळवायचे.
एर्मेलिंदाबाई हाकलत नाहीत.
"बसा," म्हणतात, "पण लाकडं सारत राहा."

मंगळवारी लहानग्यांचा तास.
अकरा पोरं गोल करून बसतात, लोकरी मोज्यांतून वाफ निघत असते.
गोल फेकायचा, झेलायचा,
उजवा अंगठा पडेल तो देश आपला.
मग कपाटातून शोधायचं
तिथे भाकरी कशाची, वारा कुठून,
मेंढीला काय म्हणून हाक मारतात.

रोसाल्बाचा अंगठा तीनदा समुद्रातच पडला.
ओठ काढून बसली.
"समुद्रही जगच की गं," बाई म्हणाल्या,
"त्याचं कपाट खिडकीखाली."

येर्कोला मंगोलिया लागला. पुस्तक उघडून तो किंचाळलाच,
"यांचीपण घरं जागा बदलतात!"
गेल्या उन्हाळ्यात त्याच्या आजोबांचं घर
आम्ही बैल जुंपून किनाऱ्यापर्यंत ओढलं होतं,
भरतीवर तरंगवून पलीकडे नेलं होतं,
धुराडं जागच्या जागी, खिडकीला पडदे तसेच.
त्या दिवशी मंगोलिया
आमच्या शेजारच्या खाडीत येऊन राहिला.

मग एलिसेओने जरा जोर लावला
आणि जग चुलीला चाटून गेलं.
फुस्स.
अकराच्या अकरा माना माझ्याकडे.
मी होडीतून रबर आणलं, डिंक आणला,
अंगठ्याएवढं काळं ठिगळ दाबून धरलं
शंभर आकडे मोजेपर्यंत. पोरांनीच मोजले,
एकोणसत्तरनंतर भांडण झालं.

पुढच्या मंगळवारी ऑर्फेलिना,
सगळ्यांत धाकटी, अजून बुटाची नाडी न येणारी,
गोल मांडीवर घेऊन फिरवत राहिली, फिरवत राहिली.
"बाई, आपण कुठे आहोत?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
चिलीचा लांब दोरा वरून खाली येत येत
माझ्या रबरात शिरत होता
आणि बाहेर पडत होता एकदम गारठलेल्या टोकाला.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
"काढून टाकतो," म्हटलं.
"काढलंत तर हवा जाईल," येर्को म्हणाला.
खरंच होतं ते.

बाईंनी व्हाइटनरची बाटली काढली.
पण बेट दिसतं कसं?
कोणी म्हणे बुटासारखं, कोणी म्हणे झोपलेल्या डुकरासारखं.
वरून कोणीच पाहिलं नव्हतं,
आणि कपाटांत आमच्यावर एकही पुस्तक नव्हतं.

तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलं.
एक कार्ड घेतलं, माझं नाव लिहिलं,
शिक्का मारला, कोटाच्या खिशाला टाचलं:
परत करण्याची तारीख आजची, वेळ दीड.
"हे पुस्तक पाळीपाळीने. पानं ओढायची नाहीत."

अक्षरांशी माझं कधी फारसं जमलं नाही.
पण कुठे खडक दात लपवून बसतो,
कुठे प्रवाह उलटा फिरतो, कुठल्या वळणावर
चर्चचा कळस आधी दिसतो आणि घरं मागाहून,
ते सांगत गेलो, हाताने हवेत वळणं घेत.
ऑर्फेलिनाची जीभ बाहेर,
व्हाइटनरची रेघ थरथरत माझ्या हातामागे.

बेट बटाट्यासारखं झालं.
चालेल. बटाटेच तर पिकतात इथे.

आता गोल झेलला की अंगठा
आपसूक त्या खरखरीत जागेवर जातो.
"शी, परत आपणच!" पोरं कुरकुरतात.
बाई मुकाट्याने एक कोरी वही पुढे सारतात.

कार्ड अजून कोटाला आहे.
दीड कधीच वाजून गेला.
मला परत करायला कोणी आलं नाही.