माया सोडून

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, मशिदीमागच्या गल्लीत
माझं दुकान. आठ बाय बारा.
दोन मशिनी, एक इस्त्री, कण्हणारा एसी,
आणि एकवीस वर्षांच्या मापांच्या वह्या,
ज्यांतली काही माणसं आता उरलेली नाहीत.

दुपारी ताईचा फोन:
"अरे, त्याला चार गोष्टी सांग."
त्याला म्हणजे हर्षलला, भाच्याला.
एजंट दीड लाख मागतोय
आणि पोरगं एका पायावर तयार.

चार गोष्टी सांगितल्या तर समजावणं.
सुनावल्या तर त्याच चार,
पण ऐकणारा आठवडाभर जेवत नाही.

इथं सल्ला काय, घामासारखा निघतो.
"पासपोर्ट स्वतःजवळ ठेव," म्हणणाऱ्या कुन्हालीचा पासपोर्ट
सात वर्षं मालकाच्या कपाटात होता.
"घरी सगळे पैसे पाठवू नकोस," म्हणणारा रघू गुरव
बहिणींच्या तीन लग्नांत रिकामा झाला,
वर हसत गेला.
फुकटचा सल्ला म्हणतात.
देणाऱ्याला फुकट असेल.

संध्याकाळी अबू याकूब आले, ईदच्या थोबची ट्रायल.
शाळेत अरबी शिकवायचे, आता नातवंडांना रागावतात.
दंडाला टाचण्या लावता लावता विचारलं,
मोडक्यातोडक्या अरबीत,
सल्ला द्यायला तुमच्यात काय म्हणतात?
"नसीहा."

म्हटलं, हा तर आमच्याकडेही येऊन गेलाय.
आमच्या शाळेतले मास्तर एकदा मोडी कागद वाचून दाखवत होते:
'त्यास नसीहत करावी.'
आम्हाला वाटलं, चार शब्द समजुतीचे.
मास्तर म्हणाले, छे रे, पाठ सोलायची.

म्हातारा इतका हसला की टाचणी टोचली.
मग बाही चिमटीत धरून म्हणाला,
या शब्दाच्या मुळाशी, जुन्या कोशांत, शिवणं आहे.
नासिह म्हणजे सल्ला देणारा. नासिह म्हणजे शिंपीसुद्धा.
आणि माझ्या छातीवर बोट ठेवून:
"तू, नासिह."

एकवीस वर्षं या गल्लीनं मला खय्यात म्हटलं.
मी काही बोललो नाही. खडूनं खूण केली.

सुई आपल्याकडेही आहेच की.
फक्त आपली कापडातून जात नाही, कानातून जाते.
कान सोनारानंच टोचावेत म्हणतात.
ताईला मी सोनार वाटतो.
माझे स्वतःचे कान
कुणी टोचले असते वेळेवर, तर मी इथं असतो का?
असतो बहुतेक.

रात्री हर्षल म्हणाला,
"मामा, आडवळण नको. येऊ की नको?"
ऐकावे जनाचे, करावे मनाचे,
हे अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.
ती म्हण म्हणजे हात झटकायची सोय.
विचारलं, व्हिसा कुणाच्या नावावर?
पगार कागदावर किती, तोंडी किती?
राहायला खोलीत कितीजण?
त्याला एकाचंही उत्तर येईना,
आणि प्रत्येक प्रश्नाला तो थोडा थोडा
दुसऱ्या खोलीत गेल्यासारखा वाटला.

शिवणीच्या आत आम्ही दोन बोटं कापड जास्त ठेवतो.
बाहेरून दिसत नाही. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही.
अंग भरलं, दिवस बदलले,
की उसवून तेवढं सैल करता येतं.
कात्रीला ते कापायचा फार मोह होतो.
शिंप्याच्या बोलीत त्याला माया म्हणतात.
अरबीत काय म्हणतात, विचारायचं राहिलं.

म्हटलं, "महिनाभर थांब.
एजंटला दमडी देऊ नकोस. कंपनीचा पत्ता पाठव,
शुक्रवारी मी स्वतः जाऊन
दार आहे की नुसती पाटी, बघून येतो.
मग ये, नाहीतर नको येऊस."

बराच वेळ पंख्याचा आवाज. तिकडचा.
"म्हणजे नकोच ना?" म्हणाला, आणि फोन ठेवला.

अबू याकूबांचा थोब खुंटीला,
अजून कच्च्या धाग्यावर.
पत्ता आलेला नाही.
मी दिवा चालूच ठेवलाय.