डिकी

फोर्ड. अठ्ठेचाळीस सालची, लिलावातली.
रिकामी असली की मागून उचललेली दिसायची,
मामूनं खाली ट्रकचे पाटे घातलेले.
दारूबंदीत म्हैसाळच्या वाटेनं
डबे भरून यायची,
तेव्हा कुठं सपाट, सज्जन दिसायची.

मामू म्हणजे बाबालाल शिकलगार, मिरजेचा.
सगळं घर सतारी करणारं, ह्याच्याच हाताला ग्रीस.
कान मात्र घरचाच:
इंजिनावर पेचकस टेकवून, मूठ कानाला लावून
डोळे मिटायचा.
"तिसऱ्याची जवारी अजून खुलली नाही, हिंदुराव."

बंदी सैल झाली. हिंदुरावाकडं
वेग तेवढा शिल्लक राहिला.
मग कवलापूरच्या पडीक धावपट्टीवर
फक्कीचे पट्टे, सहा गाड्या, अकरा फेऱ्या,
बक्षीस एक पितळी घागर.
मागून हलकी गाडी वळणावर फेकते, म्हणून डिकीत
हरिपूरच्या पेवातल्या हळदीची दोन पोती.

नवव्या फेरीत एक फुटलं.
पिवळा लोट, आणि आत नुसता आवाज.
तिसरा नंबर. घागर तासगावला गेली.

गर्दीतनं चौगुले जमादार आले, रिटायर झालेले.
सात वर्षं त्यांनी हिची पाठच पाहिली होती.
बॉनेटपुढं उभे राहिले, तोंड बघत. बराच वेळ.
मग सवयीनं: "डिकी उघड."
हिंदुरावानं मुकाट उघडली.
जमादारांनी कोपरापर्यंत हात घातले, चाचपलं, वास घेतला.
मामू म्हणाला, "झाले एकदाचे हात पिवळे, साहेब."

आधी कुणी हसलंच नाही.
मी फडकं पुढं केलं.
त्यांनी घेतलं नाही.