एका ओळीत एक कार्ड

आधी शब्द. मग टॅब. मग अर्थ. मग एन्टर.
स्पेस नाही, टॅब. डोळ्यांना दोन्ही मोकळीच जागा,
पण प्रोग्रामला कळतं
कुठली मोकळीक मुद्दाम सोडली आहे.

आर्ब्रोथ. रात्रीचे साडेअकरा.
खाली बंदरात कुणीतरी दोर आवळतंय,
माझ्या बाहीला हॅडकच्या धुराचा वास,
आणि मी इशबेलसाठी
मराठी दोन रकान्यांत बसवतेय.

इशबेल माझी सासू. वय एकाहत्तर.
तिला माझ्या आईशी फोनवर बोलायचंय,
मला मध्ये न घेता.
(तिच्या मुलाला 'पुरे' येतं. त्याला तेवढं पुरतं.)

पहिल्यांदा फाइल चढवली
तर चारशे ओळींची नुसती प्रश्नचिन्हं.
पाणी, मीठ, बहीण, उशीर, सगळ्यांचा एकच चेहरा.
एन्कोडिंग चुकलं होतं.
दुसऱ्यांदा त्याने स्वल्पविरामालाच कुंपण मानलं,
'जरा'चे पाच अर्थ पाच रकान्यांत सांडले.
'अगं'समोर काय लिहावं सुचेना,
रिकामी बाजू तो घेत नाही.
शेवटी तिथे लिहिलं: इशबेल.

तिसऱ्यांदा सगळं सरळ गेलं.
फक्त 'नाव' दोनदा होतं,
ओळ तेवीस आणि ओळ तीनशे सहा,
आणि शब्द तोच असला की
नंतरचा अर्थ आधीच्याला पुसतो,
हे मला कुठे ठाऊक.
उरली ती होडी.

रविवारी तिने चष्मा लावून बार्शीला फोन केला.
"नाव काय?"
"शशिकला," आई म्हणाली. "का गं?"

तेव्हापासून इशबेल मासळीच्या दुकानात सांगते,
सुनेच्या आईकडे होडी आहे, शशिकला नावाची.
रंग कुठला, विचारते. लाकूड कुठलं.
त्यांचीही होती एक, हिरवी.
नवरा गेला त्या वर्षी विकली.
बार्शीहून समुद्र किती लांब,
हे तिने विचारलेलं नाही.

आता प्रत्येक शब्दाआधी लिंग लिहितेय.
ते नाव.
ती नाव.
दोन ओळी, दोन कार्डं, भांडण मिटलं.
फाइल तयार आहे. उद्या चढवीन,
नाहीतर परवा.

आज जेवताना तिने विचारलं,
शशिकलेत माणसं किती मावतात?

चार, म्हटलं.
आम्ही भावंडं चार.