नारिंगी वायर

अल्व्हिसोला उपसागर संपतो, तिथल्या चिखलात
ओदिलिया गुडघाभर बूट घालून उतरते.
हातात पांढऱ्या पाइपची चौकट, अर्ध्या मीटरची.
टाकायची, आत काय आहे ते मोजायचं,
पेन्सिलीने लिहायचं. शाई इथे टिकत नाही.

माचूळ आहे. पेरापेरांची, खारट, फुगीर.
आणि तिच्या अंगावर अमरवेल:
कुणी अख्खा स्वेटर उसवून
लोकर इथेच टाकून गेल्यासारखी.
पान नाही. मूळ होतं, उगवल्यावर थोडे दिवस.
तेवढ्यात कुणी सापडलं तर सापडलं.

हिच्या कुळातली एक तर
वासावरून माग काढते म्हणे. थुई सांगते,
कॉलेजातली पोर, नाकावर चिखल.
ओदिलियाला हसू फुटतं.
एफ्रेन असाच आला होता, घेवडा शिजत असताना,
बेचाळिसाव्या वर्षी,
दारात आली ती व्हॅन
पुन्हा कधी सुरू झाली नाही.

आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हॅनपर्यंत
नारिंगी वायर जाते.
त्याचा हीटर, त्याचा फोन,
रात्रभर पडद्यामागे हलणारा निळा उजेड.
बिल हिच्या नावावर.
शेजारची बेर्नार्दा म्हणते, काढ की एकदा प्लग,
मग बघ कसा पायावर उभा राहतो.

चौकट सत्तावीस.
माचूळ इथे विरळ. काड्या करड्या पडलेल्या.
"मेली का गं?"
"दमलीय. पण हे बघ,"
थुई दोन बोटांनी काड्या बाजूला करते.
आत नखाएवढं जांभळट काहीतरी,
पहिल्यांदाच ऊन बघणारं.
"माचूळ दाट असती, तर याला जागाच नव्हती."

ओदिलिया आकडा लिहिते.
पोर हुशार आहे. खोटं बोलत नाही.
पण माचुळीला कुणी विचारलं?

रात्री मोठ्या भरतीचं पाणी
कुंपणाखालून अंगणात शिरतं.
ती गाऊनवर तेच बूट चढवते,
वायरचा जोड पाण्यातून वर उचलायच्या आधी
आत जाऊन प्लग काढते.
व्हॅन काळी होते. आतून खोकला.
"आई?"
"मीच आहे. झोप."

जोड पुसते, पदराशी धरावा तसा गाऊनशी धरून,
पावाच्या पिशवीत गुंडाळते,
पालथ्या बादलीवर ठेवते.
मग खिडकीशी उभी राहते,
प्लग हातात,
जरा वेळ.