पिवळं काडतूस

काळबादेवीला पेस्तनजींच्या दुकानात
भिंतीवर एक नळी टांगलीय.
मध्येच फुटून उमललेली,
केळफुलासारखी.

ती इंगवल्यांची. बँकेच्या दारावर उभे राहायचे,
खांद्याला बारा बोअर.
रेंजवर सरावाला गेले त्या दिवशी
खिशातल्या लालांत
एक पिवळं होतं, वीस बोअरचं.
कुणाचं, ते अजून कळलेलं नाही.

घातलं. घसरलं आत,
वीतभर पुढे जाऊन बसलं.
घोडा दाबला तर नुसतंच टक्.
उघडून पाहिलं, घर रिकामं.
"भरायचंच राहिलं की," म्हणाले स्वतःशी हसत,
आणि लाल घातलं.

पेस्तनजी मला पहिल्या दिवशी एवढंच बोलले:
मोठ्या मापाचं आत जातच नाही, ते बिचारं प्रामाणिक.
भीती लहानाची.

तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही घाईत असो,
मी नळी ट्यूबलाइटकडे धरतो,
एक डोळा मिटतो.

इंगवले अजून येतात, परवाना नसताना.
डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत
बशी तोलत चहा पितात.
भिंतीकडे पाठ करून बसतात
आणि विचारतात,
"उजेड दिसला का रे पार?"