नदाफ गादी कारखाना

पहिला व्हिडिओ मी धरला होता.
कोपर गाद्यांच्या थप्पीवर टेकवून,
श्वास रोखून, एक्केचाळीस सेकंद.
श्वास घेतला की चित्र हलतं
हे आधीच्या सहा वाया गेलेल्या व्हिडिओंनी शिकवलं होतं.

जागा सनोबरनेच शोधली.
घरात कुकर, शेजारी बोअरची मोटर,
खाली अप्परच्या शेवटच्या स्टॉपवर
कण्हत वळणाऱ्या बसगाड्या.
दुकानात मात्र शटर ओढलं की
चारी बाजूंनी कापूस,
आणि कापूस आवाज पितो.
"घुमत नाही भाई इथं, बघ," म्हणाली
आणि टाळी वाजवून दाखवली.
टाळी जिथल्या तिथं बसली, मांजरासारखी.

ठेका अब्बांच्या धनुकलीचा.
पिंजायचं मशीन आल्यापासून ती खिळ्याला टांगलेली.
हिने तात छेडली, धुंग, धुंग-धुंग,
आणि वर स्वतःचं गाणं,
गणिताच्या वहीत मागच्या पानापासून लिहीत आणलेलं.
पुढून बीजगणित येत होतं.
मधे कुठेतरी दोघांची गाठ पडली असणार.

रात्री अकराला टाकलं.
पहाटे अब्बा नमाजला उठले तेव्हा
फोन फरशीवर थरथरत होता,
काडेपेटीत कोंडलेल्या भुंग्यासारखा.
अकरा लाख, मी म्हणालो.
अम्मीने विचारलं, "रुपये?"

लोकांना एकच कोडं:
तिच्या केसांवर हळूहळू उतरतंय ते पांढरं
कुठल्या फिल्टरचं?
मी कळवलं, सावरीचा कापूस आहे.
उशी हवी असल्यास करून मिळेल.
तीनशे जण हसले.
ऑर्डर एकही नाही.

मग बाणेरहून एक गृहस्थ आले,
बूट होते, मोजे नव्हते.
म्हणाले, नदाफ नको, सनोबरही लांब पडतं,
नुसतं 'सनो' ठेवू, जिभेला हलकं.
अब्बांनी कागद तीनदा वाचला,
चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, सही केली,
आणि त्यांनाच विचारलं,
"पाठ दुखते ना तुमची? बसण्यावरून कळतं.
फोमवर झोपत असाल."

त्यांच्या स्टुडिओच्या भिंतींनाही फोमच आहे,
राखाडी, अंड्यांच्या ट्रेसारखा.
माझं काम तिथे तीन पायांचा स्टँड करतो.
तो श्वास घेत नाही,
सबब त्याला रोखावाही लागत नाही.

जूनमध्ये ती सोळाची झाली.
दहावीला गणितात त्रेचाळीस.
ते पेपरात छापून आलं, माझे अडतीस
आजवर कुणाला माहीत नव्हते.
कानातले घ्यायला तुळशीबागेत जायचं
तर आधी वेळ ठरवायची, दोन माणसं बरोबर न्यायची.
एकदा मात्र तोंडाला ओढणी गुंडाळली
आणि माझ्या स्कूटरवर मागे बसली.
पुण्यात सगळ्याच पोरी गुंडाळतात, फक्त डोळे उघडे.
सातारा रोडच्या सिग्नलला
शेजारच्या रिक्षात तिचंच गाणं लागलं होतं.
रिक्षावाला बोटांनी हँडलवर ठेका धरत होता,
चुकीचा.
"तिसऱ्याला थांबायचं असतं काका," ही ओढणीतून म्हणाली.
"तुला काय कळतंय," तो म्हणाला आणि निघून गेला.
स्वारगेटपर्यंत ती हसत होती,
माझ्या पाठीला कळत होतं.
पुढे ते हसणंच होतं का,
मी वळून पाहिलं नाही.

परवा रात्री एक वाजता म्हणाली,
"भाई, दुकानाची चावी दे."
"फोन?"
"नको."
आत गेली, शटर ओढलं.
मी बाहेर पायरीवर बसून राहिलो.
काहीच ऐकू येत नव्हतं. कापूस सगळं पीत होता.
फक्त मधूनमधून पत्र्यातून
तातेचा एखादा ठोका, तळपायाला लागेल एवढाच.
समोरच्या सोसायटीचा वॉचमन
टॉर्च मारत विचारता झाला,
"काय पकडलंय हातात?"
पाहिलं तर उजवा हात वर,
कोपर हवेत, आणि मी श्वास घेत नव्हतो.

अडीचला ती बाहेर आली.
सातला बाणेरची गाडी येणार होती.
केसांत, भुवयांत, पापणीवरसुद्धा कापूस.
मी सांगितलं नाही.