रोज एक रेघ

देवबागात घर म्हणजे
पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाडी,
आणि मधल्या खोलीत वाळू.
पहाटे झाडा, दुपारी झाडा,
रात्री अंथरूण झटका,
तरी भाताच्या घासात तिचा एक कण
दाताखाली येतोच.
तिच्याशी भांडणं मी केव्हाच सोडलं होतं.

मग हे आले. बोटीवरून, कायमचे.
एकतीस वर्षं डेक घासलेला माणूस
घरी येऊन करणार तरी काय?
आठवड्याभरात सांडशी खिळ्यावर गेली,
विळी पाटाखाली,
पायपुसणं उंबऱ्याशी काटकोनात.
खिडकीचे गज खाऱ्या वाऱ्याने फुगलेले.
त्यांना रोज एक गज:
आधी पॉलिश पेपर, मग तेलाचं बोट.
"सगळा एकदम करूचा नाय," म्हणायचे,
"बोट कधी पुरी रंगवून होत नाय.
शेंड्याक पोचस्तोवर बुडाक गंज.
रोज हाताएवढा."
शेजारची शेवंती म्हणाली, नशीब काढलंस गो.
माझ्या हिराच्या वाडवणीला
त्यांनी नवी मूठ बांधून दिली, सुंभाची, घट्ट.
मला ती दोन दिवस धरताच येईना.

एका बुधवारी बाजारातून आले
तर हे स्वयंपाकघराच्या दारामागे,
हातात साबणाचं फडकं, काळं झालेलं.
भिंतीवर माझ्या कोळशाच्या रेघा.
उभ्या, बारीक, पाच-पाचाच्या जुड्या.
वरची ओळ गेलीच होती.
"ह्या काय गो?"
"काय नाय. म्हयने."
"कसले?"
"तुमचे."
पिशवीतले बांगडे मी परातीत ओतले.
"पुसा. कोळसोच तो."

पुसलं नाही.
फडकं पिळून दोरीवर टाकलं, चहाही घेतला नाही.
रात्री दारामागे टॉर्च, आणि दबका आवाज,
मोजत होते.
दोनशे सतरा.
गेल्या त्या सोडून.

दुसऱ्या दिवशी चहा झाला, कप विसळून झाले,
तेव्हा फडक्याचं एक टोक भिजवून
उभे राहिले तिथे.
"ही खयची?"
मी चष्मा लावला.
ही ना, विहिरीला खारं लागलं तेव्हाची.
होडीतून कळशा आणायचो, पैलतीरावरून.
पुसली. एकच.
फडकं धुतलं, वाळत घातलं.

तेव्हापासून रोज.
ही हर्षलाच्या टायफॉइडची.
ही माड पडला गोठ्यावर, त्याची.
ही तुमचे पैसे आले नाहीत त्या महिन्याची,
पाटल्या कुणाकडे ठेवल्या ते विचारू नका.
विचारलं नाही.
बाहेर जाऊन घासलेलाच गज पुन्हा घासत बसले
जेवणवेळेपर्यंत.
एखादी मला आठवतच नाही.
नुसता महिना. भात, कालवण, भांडी.
तसली पुसायला त्यांना जास्त वेळ लागतो.

मीही आता तवा रात्रीच घासते.
उद्यावर काही ठेवत नाही, असं नाही.
ठेवते. पण थोडं.
पूर्वी आडवं झालं की महिने यायचे रांगेने,
एकही पुरता नाही,
एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात.
हल्ली डोळा लागतो.

दारामागे आता पांढरा चौकोन झालाय, सुपाएवढा.
त्यामुळे बाकीची भिंत जास्तच कळकट दिसते.
हर्षला फोनवर म्हणते, रंग काढून घ्या की सगळीलाच.
हे म्हणतात, बघू. घाई नाय.

काल एका रेघेवर मी तळहात ठेवला.
"ही रवांदे."
हे थांबले. बाजूची पुसली.

वारा फिरलाय दुपारपासून.
उंबऱ्यात वाळू आलीच आहे, बोटभर.
उठते.